शेवटच्या भागाचं गाऱ्हाणं

आमचे शेजारी दाजी मिक्सर सुरू करण्यापूर्वी गाऱ्हाणं घालतात. देवळात मानकरी हात जोडून देवाला साकडं घालतो आणि भोवतीची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात, अगदी तसंच. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो मिक्सर आज चालू होता हा, तेका काय वाकडा-नाकडा आसात तर ता दूर कर आणि वाटाप बारीक होवंदे रे म्हाराजा." वहिनी गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे 'व्हय म्हाराजा' म्हणायची जबाबदारी कुंपणाच्या अलीकडून माझ्यावर. तोंडाला साबण फासलेला असला तरी सुटका नाही.

बांद्याच्या बाजारात मात्र त्यांना सिनेमावाले दाजी म्हणतात. आयुष्यात त्यांनी एकच सिनेमा पाहिला, तोही भागाभागाने. परदेशी, पण हिंदीत बोलणारा. त्यात राजे, चेटकिणी आणि आग ओकणारी अवाढव्य जनावरं, ज्यांना दाजी सरसकट 'सरडे' म्हणतात. दर दोन वर्षांनी नवा भाग लागला की त्यांचा मुलगा मंगेश मस्कतहून सुट्टी काढून येतो आणि बापलेक गोव्यात जाऊन तो पाहतात. चार भाग असे झाले.

यंदा पाचवा आला. शेवटचा, असं पोस्टरवरच लिहिलं होतं. दाजींना ते साफ नामंजूर.

"संपता कसा?" त्यांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं. "त्या सिंहासनाक अकरा सामायिक आसत. कोणाच्यो सयो झाल्यो? सातबाऱ्यार नाव कोणाचा?"

"दाजी, त्यांच्याकडे सातबारा नसतो."

"म्हणानच इतकी वर्षां लढतत."

मी चहा प्यायलो.

या खेपेला त्यांनी मलाही सोबत नेलं. थिएटरात दिवे मंद होऊ लागले आणि दाजी उभे राहिले. मंगेशने खुर्चीत अंग चोरलं. बापाच्या गाऱ्हाण्यांची त्याला कॉलेजपासून लाज वाटते, 'व्हय म्हाराजा' म्हणणं तर दूरच.

"बा देवा म्हाराजा, ह्यो भाग शेवटचो म्हणतत. तो शेवटचो होवंदे नको. आणखी एक तरी भाग येवंदे रे म्हाराजा."

मी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणून गेलो. मागच्या रांगांतूनही चार-पाच आवाज आले. आमच्याच बाजूची माणसं असणार.

सिनेमा सुरू झाला. पहिला सरडा उडायच्या आत दाजी मंगेशच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. मी थक्क झालो.

"उठवू?" मी विचारलं.

"नको, काका. चारय भागांक असेच निजले," मंगेश म्हणाला. तीन तास त्याने तो खांदा हलवला नाही. पॉपकॉर्न डाव्या हाताने खाल्लं.

बाहेर पडल्यावर मंगेश गाडी आणायला गेला. दाजी पोस्टरकडे बघत उभे होते.

"संपलो काय रे खरोच?"

"संपला, दाजी."

"मग आता मंगेश कशाक येतलो?"

इतकी वर्षं आम्ही या माणसाची सरड्यांवरून थट्टा करत होतो. माझी मलाच लाज वाटली.

आठवड्याने मंगेश निघाला. गाडी दारात लागली, बॅगा चढल्या. दाजींनी हात जोडले. मीही कुंपणाशी तयारीत उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्यो जो माझो झील आज परदेशाक जाता हा, तेका सुखरूप पोचव. आणि सिनेमा संपलो आसलो तरी..."

दाजींचं गाऱ्हाणं असं मधेच अडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्या गाऱ्हाण्याला होकार कसा द्यायचा, या विचारात मी घुटमळलो.

तेवढ्यात मंगेश गाडीतून खाली उतरला. बापाच्या समोर उभा राहिला, हात जोडले आणि ड्रायव्हरसमोर, आख्ख्या आळीसमोर मोठ्याने म्हणाला,

"व्हय म्हाराजा."