पाहुण्याला दिलेला सल्ला आणि प्रोफेसरचा गळा

हे मी आपखुशीने सांगत नाहीये. आमची बायको लेगियेम म्हणाली, बाजारात जो तो आपल्या पदरचं तिखटमीठ लावून सांगतोय, त्यापेक्षा तुम्हीच एकदाचं सांगून टाका, निदान खोटं तरी एकाच माणसाचं असेल. म्हणून सांगतो. मध्येच कोणी हसलं तर मी उठून जाईन.

लेगियेमने मागची खोली परदेशी पाहुण्यांना द्यायची काढली, तेव्हाच मी बजावलं होतं की सुरिनामला कोणी येत नसतं. निम्म्या जगाला सुरिनाम हे पोटदुखीच्या औषधाचं नाव वाटतं, उरलेल्यांना तो आफ्रिकेत वाटतो. (शेजारच्या देशाची राजधानी मलाही सांगता येणार नाही, पण मी तिथे जातही नाही.) तरी पाहुणे आले. आणि नाश्त्याला बसले की विचारायचे, इथे काय बघावं, काय टाळावं, कसं वागावं. लेगियेमला उत्तरं ठाऊक असतात पण वेळ नसतो. माझं नेमकं उलटं. तेव्हा ठरलं की सल्ले मी द्यायचे, आणि त्या बदल्यात माझ्या साओतोमध्ये, म्हणजे आमच्या कोंबडीच्या सूपमध्ये, एक अंडं जास्त. एका अंड्यापायी माणूस काय काय ओढवून घेतो, ते पुढे ऐका.

वाउटर हा हॉलंडचा पाहुणा. इतका उंच की आमच्या न्हाणीघरात वाकून जायचा आणि वाकलेलाच बाहेर यायचा. स्वभावाने गरीब. खोड एकच, सांगितलेलं सगळं खरं मानायचा. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे दुपारी आडवं व्हायचं, असाल तिथे. त्या वेळी सरकारसुद्धा जागं नसतं. कोणी खायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की तुम्हाला त्याच्या बायकोच्या हाताची शंका आहे असा अर्थ होतो. ती पिवळी, गोंडस दिसणारी मादाम जानेत मिरची हातात धरलीत तर संध्याकाळपर्यंत तो हात स्वतःच्या अंगाला कुठेही लावायचा नाही. दहाला येतो म्हणणाऱ्याची वाट बघायची, पण जेवून घेऊन.

तरी तो उठेना. आणखी काही, सारिमीनकाका? माझं सूप गार होत होतं. म्हणालो, "कॅमेरा घेऊन फिरतो तो पर्यटक. पिंजरा घेऊन फिरतो तो माणूस. एकदा पिंजरा घेऊन निघा, सगळं पारामारिबो तुमच्याशी बोलेल."

यात खोटं काही नव्हतं. आमच्या शहरात पुरुषमाणूस एक वेळ बायकोला विसरून निघेल, पक्ष्याला नाही. बँकेत जा, दवाखान्यात जा, कोणा ना कोणाच्या हातात त्वात्वाचा पिंजरा दिसणारच. मूठभर काळा पक्षी, चोच मात्र हातोड्यासारखी. गलक्याची सवय नसेल तर तो रविवारी सकाळी चौकात गात नाही, आणि चौकात गाण्यासाठीच तर तो पाळायचा. तिथे हिरवळीवर शेजारी शेजारी दोन खांब, त्यांवर दोन पिंजरे. पंच प्रत्येक सुरामागे फळ्यावर खडूने एक रेघ ओढतात. ज्याच्या रेघा जास्त तो मालक आठवडाभर छाती काढून फिरतो.

माझ्या त्वात्वाचं नाव प्रोफेसर. हम्फ्री न्हाव्याच्या त्वात्वाचं नाव डिझेल. त्या रविवारी दोघांची गाठ होती, आणि मी हम्फ्रीच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना पैज मारून बसलो होतो. हरेल त्याने जिंकणाऱ्याचा पिंजरा वर्ष संपेपर्यंत दर शनिवारी बाजारभर मिरवायचा. (अर्ध्या दाढीत पैज मारू नये. रागाने उठून जाता येत नाही.) हम्फ्रीचा पिंजरा घेऊन मी कोळणींच्या रांगेतून चाललोय आणि तो मागे रिकाम्या हातांनी, या नुसत्या विचाराने मी रात्री उठून बसायचो. त्यातून प्रोफेसर घरी दोन सूर काढून थांबायचा. मी म्हणायचो, गळा राखून ठेवतोय. लेगियेम लगेच हो म्हणायची, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी दुपारी झोपून उठलो तर पडवीतला पिंजऱ्याचा आकडा रिकामा. लेगियेम भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की पाहुणा घेऊन गेला, तुम्हीच सांगितलंत म्हणे.

मी उलटी चप्पल घालून अंगणात धावलो. ज्याला पक्षी कळतो त्याला ही भीती कळेल. लढतीच्या आदल्या दिवशी तुमचा त्वात्वा दुसऱ्या दांडग्या त्वात्वाशेजारी टांगला गेला आणि हरला, तर तो महिनोन् महिने तोंड उघडत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही पक्ष्याला सांभाळतो तसं पोटच्या पोरालाही सांभाळलेलं नसतं. आणि हा उंटासारखा माणूस त्याला घेऊन गावभर हिंडत होता.

मी मोपेड काढली. लेगियेम मागे बसली. तुम्ही कोणाशी तरी भांडाल आणि मी तिथे नसेन असं नको, म्हणाली. बामी नूडल्सच्या गाडीवर कळलं, उंच पाहुणा आला होता, पोटभर खाऊन गेला, फार सभ्य. पुढे शहाळेवाला म्हणाला, दिलं तितकं प्यायला. त्याच्यापुढे वडे तळणारी म्हातारी तर डोळ्याला पदर लावून म्हणाली की असा मुलगा मला असता तर. कुठेच तो नाही म्हणाला नव्हता. मग हम्फ्रीने त्याला दुकानातून हाक मारली होती, या, थोडा भात खाऊन जा. तिथेही तो नाही म्हणाला नाही.

हम्फ्रीच्या परसात आंब्याखाली बाकावर वाउटर आडवा होऊन घोरत होता, पाय बाकाबाहेर. दुपार होती ना. आणि आंब्याच्या फांदीला दोन पिंजरे, एकमेकांना खेटून. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला गाणं ऐकू आलं. थांबत नव्हतं, श्वास घेत नव्हतं. डोळे उघडले तर गाणारा प्रोफेसर होता. डिझेल खालच्या दांडीवर पाठ फिरवून बसलेला, आणि हम्फ्री हातात वस्तरा घेऊन घरात कोणी वारल्यासारखा उभा.

"कधीपासून गातोय?" मी विचारलं.

"तू यायच्या आधीपासून," हम्फ्री म्हणाला, आणि त्याच क्षणी प्रोफेसरने मला बघितलं आणि चोच मिटली.

लेगियेमने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "अहो, जरा फाटकाबाहेर जाता का?"

गेलो. गाणं सुरू.

"आता आत या."

आलो. गप्प.

असं तिने मला इतक्यांदा आत-बाहेर करायला लावलं की हम्फ्रीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. वाउटर जागा झाला आणि त्याने विचारलं की ही इथली रीत आहे का.

रविवारी चौकात म्हणून पिंजरा वाउटरने लावला, आणि मला शहाळ्याच्या गाडीमागे उभं केलं. माझा पक्षी, माझी पैज, आणि माझ्यासमोर शहाळी. लोकांचा आवाज चढत होता. शहाळेवाला वाकून वाकून सांगत होता की प्रोफेसर फार पुढे आहे, डिझेलला सूर सापडत नाहीये. मला फक्त फळा बघायचा होता. मी नुसतं डोकं बाहेर काढलं. आता ऐंशीला टेकलेल्या माणसाचं डोकं केवढं असतं?

प्रोफेसर गप्प झाला. डिझेलने इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केल्यासारखं केलं आणि लागला गायला. रेघा ओढता ओढता पंचांचा खडू मोडला. पुढचं मी सांगत नाही.

पुढच्या शनिवारी मी डिझेलचा पिंजरा उचलला. कोळणींच्या रांगेतूनच गेलो, हम्फ्री मागे रिकाम्या हातांनी, जसं मी मनात बघितलं होतं तसंच. सुरुवातीला तो सगळ्यांना हात करत होता. मग त्याने हात करणं सोडलं. मग तो माझ्या पुढे येऊन पिंजऱ्यात बघू लागला. बाजारात तोंड न मिटणारा डिझेल मासळीच्या टोकापासून भाजीच्या टोकापर्यंत एक सूर बोलला नव्हता.

"दोस्ता, दे तो इकडे," हम्फ्री म्हणाला. "पैज मिटली. तूच जिंकलास म्हणून सांगतो मी सगळ्यांना. फक्त पिंजरा खाली ठेव आणि लांब हो."

मी म्हटलं, आधी कारण सांग. माझ्यात असं आहे तरी काय, ते या सगळ्यांसमोर सांग. तो बिचारा पिंजऱ्याची कडी धरून ओढू लागला. लेगियेम शेजारीच शेंगा निवडत होती.

"त्याला काय विचारता?" ती म्हणाली. "लग्नाआधी मीसुद्धा गायचे."

हसू पार कोळणींच्या रांगेपर्यंत पोचलं. एक तर मासा तसाच हातात धरून खाली बसली.

वाउटरने जाताना माफी मागितली, घरी पोचल्यावर पत्र पाठवून पुन्हा मागितली. हम्फ्रीने मागितली, वर दाढी करून दिली, या खेपेला पूर्ण. आता राहिली एकच. लेगियेम.