बत्तीस बोटांच्या बंदुकीची हकीकत

आधी विद्येच्या देवतेस नमन, मग खरे मोजणाऱ्या हातास नमन. बाळांनो, मांडी घालून बसा, डोळे मिटा आणि मनी आणा की, शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर चालले आहे आणि एक राज्य आहे. राज्याचे नाव विचारू नये. ऐसी राज्ये बहुत, आणि प्रत्येकास वाटेल की ही आपलीच गोष्ट सांगितली. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्यास हैबती लोहार नामे कारागीर राहत असे. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून तो बंदुकीची नळी करी आणि शिसवीचा दस्ता तासून तिला बसवी आणि वर्षास तीनच ठासणीच्या बंदुका करी, चौथी मागितल्यास म्हणे, "पुढल्या साली या." विक्रीचा त्याचा रिवाज ऐसा की, गिऱ्हाइकाने जातीने भट्टीपाशी यावे, अस्तनी सारावी आणि हैबतीने कोपराच्या लवणीपासून चाप ओढावयाच्या बोटापर्यंत आपल्या बोटांनी माप घ्यावे, मग त्या मापाचा दस्ता. पुऱ्या वाढीच्या पुरुषाचा हात बहुतकरून अठरा बोटे भरे. बंदूक खांद्यास नीट बसली तर मोल घ्यावे, न बसली तर गिऱ्हाइकादेखत घणाखाली घालावी. एका सावकाराने आपणाऐवजी चाकराचा हात मापास धाडिला, तेव्हा हैबतीने ती बंदूक चाकरास विकावयाची तयारी दाखविली, सावकारास नाही.

राज्याचे धनी आठ वर्षांचे, तमाम रयत त्यांस बाळराजे म्हणे, आणि कारभार त्रिमलपंत कारभारी पाहत. विजयादशमीस पहिला बार खासा राजाने काढावा ऐसी चाल. सबब हैबतीकडून बंदूक खरेदी करावी हे ठरले. मग मसलत पडली की माप कैसे घ्यावे. राजाने भट्टीवर जावे हे गैर, आणि लोहाराने राजाच्या हातास बोट लावावे हे त्याहून गैर; मग दोरीने माप धाडावे ऐसे ठरले. दाईने रेशमी दोरी धरून माप घेतले, ते चौदा बोटे भरले. दोरी राणीवशात गेली, तेथे बायका म्हणाल्या की एवढासा हात बाहेर दाखविणे शोभत नाही, आणि तीन बोटे दोरी जोडिली. मग शिलेखान्याच्या दरोग्यांनी विचार केला की बायकांनी तीन जोडिली, आपण न जोडिल्यास राजनिष्ठेत उणे दिसेल; त्यांनी चार जोडिली. मग फडणिसांनी पाच आणि कारभारी सर्वांचे वडील, सबब त्यांनी सहा. बाळांनो, बोटांवर बेरीज करून पाहा. बत्तीस होतात.

दरोगे दोरी घेऊन भट्टीवर आले. हैबतीने ती आपल्या हातास लावून पाहिली, तो कोपर ओलांडून खांद्यापर्यंत गेली. त्याची बायको सगुणी भाता ओढीत होती, ती म्हणाली, "अगं बाई! राजा म्हणायचा की ताडाचं झाड?"

हैबती हात जोडून बोलिला, "सरकार, दोरीला चार गाठी दिसतात."

दरोगे म्हणाले, "गाठी नव्हेत. मान आहे."

"पण धनी तर आठ वर्षांचे."

"महाराज आजानुबाहू आहेत. तुला शंका आहे काय?"

"शंका कशाची? एकदा हात दिसता तर बरं होतं."

"हात दिसणार नाही, हे दिसेल," ऐसे म्हणून दरोग्यांनी ताकीदपत्र वाचिले की, बंदूक महाराजांच्या खांद्यास न बसेल तर लोहाराची ऐरण फोडावी आणि या राज्यात त्याने पुन्हा बंदूक विकू नये. ऐरण हैबतीच्या आज्याची. सावकारास 'नाही' म्हणणारा हैबती दरबारास 'नाही' म्हणू शकला नाही आणि दोरी घेता झाला. दरोगे जाताच सगुणी म्हणाली, "आता तुमचा रिवाज कुठं गेला, धनी?" हैबती म्हणाला, "दोरीबरोबर गेला. तू भाता ओढ." मग तीन महिने खपून त्याने बंदूक सिद्ध केली. नळी आरशासारखी, चाप लोण्यासारखा, आणि लांबी ऐसी की बैलगाडीतून मागे हातभर बाहेर राहिली. वाटेने लोक विचारीत, "हैबतीबा, नांगर विकायला चाललास?" आणि तो बैल हाकीत चाले.

विजयादशमीस मैदानात दरबार भरला. चिंचेच्या फांदीस मडके टांगिले होते. दोघा हुजऱ्यांनी बंदूक उचलून बाळराजांच्या खांद्यास लाविली, तो त्यांचे बोट चापापासून एक वीत मागेच राहिले आणि ते हसू लागले. दुसरे कोणी हसले नाही. कारभारी गरजले, "लोहारा, बंदूक चुकली!"

हैबतीने दोरी पुढे धरिली. फडणिसांनी दस्त्यास लावून पाहिली, ती केसभरही कमीजास्त नाही. आता पंचाईत पडली. बंदूक दोरीबरहुकूम, दोरी दरबारची, आणि महाराजांचा हात आखूड म्हणावा तर जीभ कोणाची! मग मसलत बसली. कोणी म्हणाले, शिसवी भादव्यात फुगली. कोणी म्हणाले, महाराज उपवासामुळे किंचित आकसले. आणि शेवटी सर्वानुमते ठरले की हातही बरोबर, दोरीही बरोबर, बंदूकही बरोबर, सबब चूक लोहाराची. घण आणावयास माणूस गेला. चौदा बोटे ऐसा हैबतीचा अंदाज पाहताक्षणी झाला होता, परंतु तो बोलावा तर राजाचा अपमान, न बोलावा तर ऐरण जाते.

इतक्यात बाळराजे गादीवरून उतरले, हैबतीपाशी आले आणि अस्तनी सारून म्हणाले, "हैबतीबाबा, तुम्ही मोजा."

कारभारी म्हणाले, "महाराज, त्याने शिवू नये."

"मग मीच त्यांना शिवतो," ऐसे म्हणून बाळराजांनी त्याचा पंजा धरून आपल्या कोपरावर ठेविला. हैबतीच्या बोटांस खोटे मोजणे ठाऊक नव्हते. बाळराजे मोठ्याने मोजते झाले आणि चौदावर थांबले. मग म्हणाले, "आता कारभारीकाकांचा."

"आमचा कशास, महाराज?"

"पाहू तर!"

दरबारास आलेले परराज्याचे वकील पाहत होते, सबब त्रिमलपंतांस हात द्यावा लागला. अठरा भरले. बाळराजे तोंडातल्या तोंडात बेरीज करू लागले आणि एकाएकी टाळी वाजवून बोलिले, "माझे चौदा, काकांचे अठरा. बत्तीस! बंदूक दोघांची आहे! हैबतीबाबांनी बरोबर केली!"

मग आज्ञा जाहली आणि कारभारी गुडघा टेकून बसले. दस्ता त्यांच्या खांद्यास टेकविला, तो नेमका बसला. नळी तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर ठेविली. बाळराजे पुढे उभे राहिले आणि त्यांचे बोट चापावर नेमके पोहोचले. कारभारी हळूच म्हणाले, "लोहारा, बार किती ठासला आहेस?" हैबती म्हणाला, "बत्तीस बोटांच्या बंदुकीला शोभेल एवढा, सरकार." बाळराजांनी एक डोळा मिटला आणि चाप ओढिला. मडके फुटले आणि कारभारी मागे जाऊन फडणिसांच्या मांडीवर पडले आणि त्यांची पगडी चिंचेच्या मुळाशी जाऊन थांबली.

एवंच, बंदूक खांद्यास बसली हे फडणिसांनी दप्तरी लिहिले, खांदा कोणाचा हे लिहिले नाही. हैबतीस मोल मिळाले आणि ऐरण शाबूत राहिली. आणि बाळराजे? धूर निवळण्याआधीच हुजऱ्यांकडून बंदूक उभी धरवून ते चौरंगावर चढले, नळीत दारू ओतून गजाने दुसरा बार ठासू लागले आणि हाक मारते झाले, "काका, उठा! या जागेवर."