नथ्थूबाबाचा हिरवा पुरावा

आमच्या गल्लीतला एक म्हातारा मेला, तिरडी बांधून झाली, बायका रडून राहिल्या, अन् आमचा शेजारी नथ्थूबाबा त्याच्या नाकापाशी सूत धरून बसला. "मेल्याचा पुरावा पाहिजे," म्हने.

नथ्थूबाबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, मलमपट्टी करे, आता घरीच, एकटा. चहा गोड हाय म्हनलं तरी पुरावा मांगे. माही सासू त्याले 'कचेरी' म्हने. कचेरी आली, पदर घे.

मंग माह्या बेबीले कुत्रं चावलं. चार वर्षाची पोर, पोटरीतून रक्त, मी पदरानं दाबून धरलं. सारी गल्ली दगड घेऊन धावली. आमच्या पांढुर्ण्यात दरसाल नदीवर सावरगाववाल्यांसंग दगडांची गोटमार खेळनारे लोक, नेम कोनाचा चुकते? कुत्रं मेलं तरी दगड थांबेनात. तर नथ्थूबाबानं घमेलं आनलं, कुत्र्याच्या डोक्सावर पालथं घातलं अन् वर बसला. दोन दगड त्यालेच लागले. "डोक्सं फुटलं तर पुरावा गेला," म्हने.

मले म्हने, साबनानं जखम धू अन् आत्ताच सुई सुरू कर. मंग त्यानं ते डोक्सं कापून बरफाच्या डब्यात घातलं, डबा संत्र्याच्या पेटीत, अन् तपासाले नागपूरची बस धरली. कंडक्टरले संत्री सांगितली. नशीब, कंडक्टरनं पुरावा नाही मांगला.

पोटात चौदा सुया, रोज एक. चौथ्या सुईले बेबी दवाखान्याचं फाटक पाहूनच मुतली. सासू म्हने, कुत्रं भुकेलं होतं, पोरीच्या हातात पोळी होती, पिसाळलेलं नोतंच, जामसांवलीच्या हनुमानाचा अंगारा लाव अन् बस कर. मलेही तेच खरं वाटलं. पाचव्या दिवशी मी बेबीले घेऊन गुरांच्या कोठ्यात लपली.

नथ्थूबाबा नागपूरचा कागद घेऊन तिथंच आला. सांगे, तिथला डाक्टर काचेवर कुत्र्याचा भेजा घासते, त्यावर एक औषध टाकते, ते फक्त त्या रोगालेच चिकटते, बाकी कशाले नाही. मंग दुर्बिनीत पाहते. रोग असन तर हिरवं चमकते.

"चमकलं," म्हने. "उठ."

मले इतका राग आला, भेव आलं, मी म्हनलं, "बाबा, काय पुरावा? तुम्ही पाहिलं काय आपल्या डोयानं?"

तो खाली बसला. कागद घडी करत राहिला.

"माह्या पोरीले, सुमीले, घरचंच कुत्रं चावलं होतं. मीच म्हनलं, काही नाही होत. मंग एक दिवस तिनं पान्याचा गिलास पाहून भेवानं तोंड फिरवलं."

मी बेबीले उचलली अन् दवाखान्यात निंघाली. चौदाही झाल्या.

तवापासून तो रोज सकाळी पान्याचा गिलास घेऊन दारात येते. आता बेबी शाळेत जाते, तरी येते. ती म्हनते, मले तहान नाही. मी म्हनते, पी वं, बाबाले पाहू दे.

ती गटागटा पेते. तो गिलास उलटा करून पाहते, अन् घरी जाते.