तुमचा रंग हाय माज्याकडं

आमच्या बाजारपेठेत आतारभाऊ समोरून येताना दिसले की लोक रस्ता ओलांडतात. माणूस वाईट आहे म्हणून नाही. उलट इतका मऊ माणूस अख्ख्या लोणावळ्यात शोधून सापडायचा नाही. पण ते तुमच्यासमोर थांबतात, मान तिरकी करून तुमच्या गालाकडे बघतात आणि अगदी जिव्हाळ्याने सांगतात, "काळजी करू नका. तुमचा रंग हाय माज्याकडं."

आता हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण भाऊंचं दुकान फ्लेक्सचं. वाढदिवसाचेही करतात, पण नाव आहे ते श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी आणि गेलेल्या माणसांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरण्यासाठी. तेव्हा तुमचा रंग त्यांच्याकडे तयार आहे याचा काय अर्थ घ्यायचा, तो तुम्हीच घ्या.

माझं ब्यूटी पार्लर त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे नुसता पत्रा. दोघांचा धंदा चेहऱ्यांचाच; माझी गिऱ्हाइकं बोलतात आणि त्यांची बोलत नाहीत, एवढाच काय तो फरक. पण दुपारी पार्लर रिकामं असलं की पत्र्यापलीकडून भाऊंचा आवाज येतो. "ह्यो का? न्हाई? बरं, मंग ह्यो?" मधे थांबतात. समोरच्याचं ऐकून घ्यावं इतपत थांबतात. एकदा कोण पाहुणं आलंय म्हणून मी डोकावले, तर भाऊ एकटेच, आणि स्क्रीनवर कुणीतरी फेटेवाले आजोबा. मी आपली गुपचूप मागे फिरले.

फोटोच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांची एक चौकट असते. पाहिजे तो रंग निवडा, काही कमी नाही. भाऊ तिला हातसुद्धा लावत नाहीत. ते रंग कुणाचेच नाहीत, बेवारस आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा भरवसा ड्रॉपरवर. ही एक बारीकशी नळी. फोटोतल्या कुठल्याही ठिपक्यावर टेकवली की तिथला नेमका रंग उचलून आणते. माणूस गेला तरी त्याचा रंग घरातच राहतो, भाऊ सांगतात. कुणाच्या कानामागे, कुणाच्या मानेवर, कुणाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला. म्हणून ते नातेवाइकांना दारात उजेडाला उभं करतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि त्यातून गेलेल्याचा रंग उचलतात.

आणि अशा माणसाला स्वतःच्या बायकोचा रंग मिळत नाही.

जुलेखाभाभी जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा फोटोवाला आणि बाईला फोटोचा तिटकारा. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. त्यांचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा, काळा-पांढरा. मूलबाळ झालं नाही, तिकोणा पेठेला माहेर होतं तिथेही आता कुणी उरलं नाही. मग रंग उचलायचा कुणावरून? हातातलं काम संपलं की भाऊ भाभींचा चेहरा उघडून बसतात. गावात ज्याचा त्याचा रंग गोळा करून आणतात तो त्याचसाठी. आधी भाभींच्या गालावर लावून बघतात, मान हलवतात, पुसतात. चेहरा पुन्हा राखाडी.

त्यांच्या हाताचा गुण मी घरात बघितलाय. माझे सासरे रेल्वेत गँगमन होते. त्यांचा काळा-पांढरा फोटो आमच्याकडे बुद्धमूर्तीच्या शेजारी लावलेला. तो मी रंगवायला दिला आणि, पार्लरवालीच मी, म्हटलं जरा उजळ करा. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या खिशात हात घातला.

"गोरं केलं तर त्यांस्नी सोताचं त्वांड वळखू यायचं न्हाई. मंग कुटं जातील ते?"

मी उजळपणाचा नाद सोडला. भाऊंनी माझ्या नवऱ्याची कॉलर मागे ओढून मानेचा फोटो घेतला. सासऱ्यांचा फोटो रंगून घरी आला त्या दिवसापासून सासूबाई त्या खोलीत पाय पसरून बसत नाहीत. चहाचं आधण ठेवताना एक कप पाणी जास्त टाकतात. मी त्यांना हसत नाही, कारण संध्याकाळी त्या खोलीत एकटीने केर काढायला मलाही नको वाटतं.

पण बाजाराने धसका घेतला तो भाभी गेल्या त्याच वर्षी, सोपानआबांमुळे. हे तुंगार्लीचे आबा भावाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आले होते. भाऊंनी त्यांच्या गालावरून भावाचा रंग उचलला, आणि महिना उलटायच्या आत आबाच गेले. घरचे स्मशानातून परत येतात तो कोपऱ्यावर आबांचा फ्लेक्स लागलेला. रंग तयारच होता ना! भाऊंना वाटलं, तेवढीच घरच्यांची धावपळ वाचली. त्यात दिवस धुक्याचे. धुक्यात फ्लेक्सची चौकट दिसेना, दोऱ्या दिसेनात, नुसता आबांचा चेहरा माणसाच्या उंचीवर अधांतरी. पहाटे दूधवाल्याने त्याला राम राम घातला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. उत्तर आलं नाही, असं तो सांगतो. पण आता तो तुंगार्लीचं दूध उजाडल्यावर घालतो.

मग काय विचारता! भाऊंनी रंग उचलला की माणूस जातो, अशी बोलवाच झाली. भाऊ दिसले की चिक्कीवाला तोंडाला रुमाल बांधतो. केळीवाली टोपलीच आडवी धरते. हौसेने फोटो काढून घेतात ते फक्त मुंबईचे टुरिस्ट, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. तरीही एकेक करून सगळ्या बाजाराचा रंग भाऊंकडे गेलाच. राहिले ती एकटी मी. इतक्या वर्षांची शेजारीण, पण मला कधी म्हणाले नाहीत, जरा उजेडात या. खरं सांगते, भीतीही वाटायची आणि रागही यायचा. माझाच रंग तेवढा काय वाईट?

बरं, तसा तो वाईट नव्हताही. भाभी माझ्याकडे भुवया करायला यायच्या. काम झालं की माझ्या मनगटाला आपलं मनगट लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "ताई, आपण दोघी एकाच परातीतल्या." आणि खरोखर, कुठला हात कुणाचा ते बांगड्यांवरूनच कळायचं.

परवा दुपारी बाहेर धुकं दाटलेलं, पार्लर रिकामं, आणि पत्र्यापलीकडे काहीच आवाज नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊ गप्प होते. जाऊन बघते तर भाऊ डोळे मिटून बसलेले आणि समोर स्क्रीनवर भाभी, राखाडी, थेट माझ्याकडे बघतायत.

"ताई, पयलं डोळं मिटलं की तिचा रंग दिसायचा," भाऊ म्हणाले. "आता डोळं मिटलं तरी काळी-पांढरीच दिसती."

मी काही विचार केला नाही. केला असता तर सोपानआबा आठवले असते. बांगड्या वर सारल्या, मनगट ट्यूबलाइटखाली धरलं आणि म्हटलं, "भाऊ, घ्या. भाभी म्हणायच्या, एकाच परातीतल्या."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

त्यांनी मोबाइल उचलला. मोबाइलमध्ये माझं मनगट त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि मग फोटो न काढताच मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"लोक म्हनत्यात ते खोटंच असंल. पर तिच्या रंगाचं मानूस आता तुमी येकलंच उरलाय. तुमचा उचलला आन काय इपरीत झालं तर? ऱ्हाऊ द्या. तुमी रोज दारावरनं जाता, तेवढी दिसती मला."

मला रडू आलं. पार्लरवालीने रडू नये, काजळ पसरतं, पण आलं. म्हणजे मी इतकी वर्षं रागावले होते आणि हा माणूस मला जपत होता. त्यांचंच वाक्य तोंडात आलं. म्हटलं, "काळजी करू नका, भाऊ. तिचा रंग आहे माझ्याकडे."

भाऊंनी मान डोलावली आणि एका वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम काढलं.

तेव्हापासून पार्लर उघडायला जाताना आणि बंद करून येताना मी भाऊंच्या दारावरून जरा सावकाश जाते. थंडी असली तरी स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर सारलेली असते. भाऊ मान वर करून एकदा बघतात आणि परत कामाला लागतात. स्क्रीनवर भाभी अजून राखाडीच आहेत. धुक्याच्या दिवशी मी दारावरून जाते तेव्हा भाभींचे डोळे माझ्या मनगटाबरोबर दारापर्यंत येतात, असं मला वाटतं. वाटलं तरी मी हात मागे घेत नाही.