सोबतचा नातेवाईक

रुग्णालयाची गुणवत्ता मोजायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तिथे किती माणसं मरतात ते मोजणं. जिथे कमी मरतात ते चांगलं. (चपलांच्या दुकानात त्याहूनही कमी मरतात, पण त्यांनी मानांकनासाठी अर्ज केलेला नाही.)

आमचा मृत्युदर गेल्या वर्षी शेकडा साडेचार होता. मग गुणवत्ता कक्ष निघाला, त्यात मला बसवलं आणि दर शून्य पूर्णांक तीनवर आला. यात डॉक्टरांचाही थोडाफार वाटा असावा. खरं श्रेय वॉचमनचं. पूर्वी तो गाड्या लावून घ्यायचा, आता पेशंट निवडतो. दारापुढच्या सतरा पायऱ्या न थांबता चढेल तो दाखल. बाकीच्यांना तो समोरचं रुग्णालय दाखवतो, तेही हसतमुखाने. (त्यांचा दर शेकडा एकोणीस. निष्काळजीपणा, दुसरं काय!)

परवा एक म्हातारे शिंपी नवव्या पायरीवरच बसले. ओठ निळे पडलेले, एक हात छातीवर. त्यांची मुलगी धावत वर वॉचमनकडे आली.

"दादा, स्ट्रेचर द्या ना!"

"ताई, स्ट्रेचर चढून आलेल्यांसाठी असतं."

"चढता आलं असतं तर इथे कशाला मरायला आलो असतो?"

'मरायला' ऐकताच मी कक्षातून पळत बाहेर आलो.

माणुसकी काही मी सोडलेली नाही. मुलगी धडधाकट होती, पायऱ्या धावत चढली होती. तिला दाखल करून घेतलं. वडिलांना 'सोबतचा नातेवाईक' म्हणून लिहिलं. नातेवाईकांना लिफ्ट आहे.

नियमानुसार कॉटवर मुलगी आणि शेजारच्या बाकावर वडील. ऑक्सिजनही अर्थातच मुलीला.

"अहो सिस्टर, मला काही झालेलं नाही! बाबांना लावा हा मास्क!"

"हळू बोला, बाई. कक्षवाले साहेब इथेच आहेत."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे मास्क कॉटवरून बाकावर गेल्याचा आवाज झाला. मी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं. (बाहेर भिंत आहे. हे अहवालात नाही.)

डॉक्टर राउंडला आले. त्यांनी मुलीला विचारलं, "कुठे दुखतंय?"

"बाबांच्या छातीत."

"फक्त स्वतःचं सांगा."

पाच वाजता भेटीची वेळ संपली. घंटा झाली, सगळे नातेवाईक उठले. शिंपी उठले नाहीत. सिस्टरने त्यांच्या नाकापुढे हात धरला, मग चादर ओढली. मी नोंदवहीत लिहिलं : 'एक नातेवाईक वेळेत बाहेर गेला नाही. समज देण्यात आली.'

मुलीला पूर्ण बरं करून घरी सोडलं. जाताना ती खूप रडत होती. अभिप्रायाच्या फॉर्मवर 'भारावून गेले' असा रकाना आहे, तिथे मीच खूण केली.

आता दर शून्य पूर्णांक दोन नऊ. आकडा दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलाय. तुमच्यासारखी सुशिक्षित माणसं आकडा पाहूनच रुग्णालय निवडतात, म्हणून तर एवढा खटाटोप. अवश्य या. फक्त येताना सोबत कोणीतरी धडधाकट आणा. दाखल करायला.