उजव्या बाहीवरचा वाघ

नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर देवधर काका रोज सकाळी सलाम नाकारतात. गार्डनं हात उचलला की हे त्याची उजवी बाही धरतात आणि म्हणतात, "भाई, तुम्हारा बाघ भाग रहा है."

झालंय असं, की सिक्युरिटी एजन्सीनं एकाच साच्यातले वाघाचे बिल्ले गार्डांच्या दोन्ही बाह्यांवर शिवलेत. त्यामुळे डाव्या बाहीवरचा वाघ पुढं बघतो आणि उजव्या बाहीवरचा मागं. तुम्हाआम्हाला हे जन्मात दिसलं नसतं. पण फौजेच्या पलटणींची चिन्हं तपासणाऱ्या कचेरीत काकांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. म्हणजे सरकारनं एका धडधाकट माणसाला जनावरांची तोंडं बघायचा पगार दिला. बंदूक त्यांनी पाहिली ती टीव्हीवरच्या परेडमध्ये.

"चिन्ह म्हणजे नक्षी नव्हे," ते ऐकवतात. "जनावर पुढं बघतं तर पलटण चाल करते. मागं बघतं तर पळते. बिल्कुल सोपं आहे."

कुठलंही चित्र दिसलं की यांचा पहिला प्रश्न, "तोंड कुठंय?" आमच्या मंडळाच्या गणपतीत स्वयंसेवकांचे बिल्ले यांनी तासभर अडवून धरले, कारण उंदरानं देवाकडं पाठ केली होती. बी ब्लॉकमधल्या रिटायर्ड कर्नलसाहेबांना ब्लेझरवरच्या तलवारींबद्दल असं काही सुनावलं, की त्यांनी फिरायची वेळच बदलली.

मी सोसायटीची सेक्रेटरी. उजवे वाघ बदला, असे काकांचे अकरा अर्ज माझ्याकडं आले. अकरावा मी मीटिंगमध्ये त्यांचा आवाज काढून वाचला आणि वर म्हटलं, "ठराव असा, की वाघानं सध्या पळत राहावं." सगळे खो-खो हसले. मागच्या खुर्चीवरून काका उठले, चपला शोधल्या आणि गेले. मला जरा लागलंच, पण हशा मिळाला होता ना.

पुढच्या रविवारी दुपारी कळलं, की काका गार्डांचे शर्ट घरी नेतात. आता हे अतीच झालं यार, म्हणत मी तणतणत त्यांच्याकडं गेले. डायनिंग टेबलवर सहा शर्ट. काका ब्लेडनं जुने बिल्ले उसवत होते. शेजारी नवे वाघ, उलट्या तोंडाचे, कॅन्टोन्मेंटातल्या एका टेलरकडून मुद्दाम भरून आणलेले.

"काका, गार्डच आहेत हो ते. कुणाचं लक्ष जातंय?"

"तेव्हाही नव्हतं गेलं," ते मान वर न करता म्हणाले. "एका पलटणीचा घोडा होता. उजव्या बाहीचा नमुना उलटा आला. मला दिसलं. साहेब म्हणाले, छोडो देवधर, चलता है. मी सही केली."

"मग?"

"मग काय. तोच लावून पोरं सीमेवर गेली. त्यातली काही आली नाहीत परत. एकानंही पाठ दाखवली नव्हती गं. आणि बाहीवर पळणारा घोडा, माझ्या सहीचा."

मला माझीच लाज वाटली.

काका सुईत दोरा ओवायला लागले. चष्मा वर केला, खाली केला, दोरा काही जाईना. मी खुर्ची ओढली, त्यांच्या हातातली सुई घेतली आणि ओवून दिली. सहा शर्ट होईपर्यंत मी तेवढंच करत बसले.