केशरबाई आणि त्यांची पोरं

माझे दोन्ही गाल आज एकाच रंगाचे आहेत, ही केशरबाईंची कृपा. काय झालं ते सांगतोच, पण नाव आधी घेतलं पाहिजे.

भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून, वर बटणं लावून फिरणारी बाई चिंचपोकळीत एकच. आमची पत्र्याची शेड, त्यात मेण वितळवायची भट्टी. बाकीच्या बायका पदराने वारा घ्यायच्या आणि ह्यांच्या बाह्या काही वर जायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माका थंडी वाजता."

त्या शेडीला मालक कारखाना म्हणतात. तोंडाला लावायचं स्नो आणि गोरं करणारं मलम तिथे तयार होतं. मी डब्या भरतो. मी माणदेशातला, शाळा अर्ध्यात सुटलेला. आज मालक काढून टाकणार असं मला रोज सकाळी वाटतं. पहिल्या दिवशी माझ्या हातून निम्मं मलम डबीबाहेर सांडलं. केशरबाईंनी ते पुसून घेतलं आणि आपल्या वाटणीचा चहा माझ्यापुढे सरकवला.

त्यांचं काम सशांचं. मालकांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं, की तिकडे नवं मलम आधी सशाच्या पाठीवरचे केस काढून तिथे फासतात, डोळ्यांतही सोडतात. झालं, तीन पांढरेशुभ्र ससे आले आणि पाटीवर 'शास्त्रीय पद्धतीने तपासलेले' अशी ओळ रंगवली गेली. मी हबकलोच. आमच्या गावाकडे ससा म्हणजे कालवण, मान्य. पण जित्या जीवाच्या डोळ्यात मलम? तरी कालवणाचं मी बोलून गेलो आणि केशरबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की भाईला तुझा राग आलाय. भाई म्हणजे थोरला ससा.

नवं मलम घोटून झालं की त्या वाटीभर घ्यायच्या, "थांबा, पोरांक इचारतंय," म्हणायच्या आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. मग दोन-चार दिवसांनी निकाल. पोरां हो म्हणतत, किंवा पोरां नको म्हणतत. भट्टीवरचा किसन त्यांना डिवचायचा, की बाई, मुंबई महाराष्ट्राला कधी मिळणार तेही पोरांना विचारा. बाई मान वर न करता म्हणायच्या, "पोरां म्हणतत, तू आधी मोर्चाक जा."

एकदा बंद होता. रस्त्यात काचा, नाक्यानाक्यावर पोलीस, कामगार सगळे घरात. आणि केशरबाई लालबागहून पिशवी घेऊन चालत निघाल्या. शिपायाला वाटलं, पिशवीत दगड. उपडी करायला लावली तर मुळ्याचा पाला. कुणासाठी, असं त्याने दरडावलं. बाईंनी खरं ते सांगितलं. मग तो शिपाई बापडा स्वतःच खाली बसून पाला गोळा करू लागला, असं किसन सांगतो. पाहायला किसन स्वतः नव्हता.

यंदा दिवाळीसाठी मालकांनी गोरं करणारं नवं मलम काढलं. घोटतानाच नाकाला झोंबत होतं. पोरांनी 'नको' म्हटलं. पण दिवाळी तोंडावर आलेली, तेव्हा मालक पहिल्यांदाच स्वतः मागच्या खोलीत गेले. ससे पालेभाजी खात होते. पाठी केसांनी भरगच्च, कुठे डाग नाही, चट्टा नाही.

"पाठीवरचे केस काढले होते ना?" मालक म्हणाले. "मग इतके दाट आले कसे?"

केशरबाई पाला निवडत राहिल्या.

मालकांना टक्कल आहे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मलम निर्धोक तर होतंच, वर केसही आणत होतं! त्यांनी सगळ्यांना बोलावलं, स्वतःच्या टकलासाठी बोटभर मलम घेतलं आणि एक डबी माझ्या हातात दिली. तुळशीच्या लग्नानंतर तुला मुलगी पाहायला जायचंय ना, लाव, म्हणाले. मालक स्वतः देतायत, नाही कसं म्हणू? मला तर आनंदच झाला. बोट गालापर्यंत गेलं.

केशरबाईंनी माझं मनगट धरलं.

"लावू नको. ह्या बघ."

आणि त्यांनी बटणं काढून दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एकसारखा रंग कुठेच नव्हता. कुठे पांढरं, कुठे काळं, कुठे सुरकुतलेलं. कोपराजवळ ह्या नव्या मलमाची ताजी जागा होती, भाजलेल्या वांग्याचं साल निघावं तशी. आमच्या कारखान्याचे ससे म्हणजे हे हात होते. पोरांचे सगळे हो आणि नको त्या हातांवर लिहिलेले होते, आणि आम्ही त्यावर हसत होतो.

मालकांचं मलमाचं बोट तसंच टकलाजवळ थांबलेलं. ते म्हणाले, "विलायतेत माणसाला नाही लावत. सशाला लावतात."

"ससो आधीच गोरो, मालकानु. तेका आणि कित्याक गोरो करूचो?"

कुणी हसलं नाही. मालकांनी बोट धोतराला पुसलं, न लावलेलं डोकं नळाखाली धुतलं, मलम गटारात ओतायला लावलं आणि बाईंना कामावरून काढलं. ससे खाटकाकडे धाडा म्हणाले. तोवर केशरबाई सशांची टोपली घेऊन रस्त्यावर गेल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर नोकरीही राहिली असती आणि पोरंही जागच्या जागी. गाल तेवढे माझे गेले असते. पाटीवरची ती ओळ अजून आहे.

भाऊबीजेला मी लालबागला त्यांच्या खोलीवर गेलो. माझी बहीण गावाकडे, जायला सुट्टी नाही. दारातच थबकलो. पाटावर भाई बसलेला, कपाळाला कुंकू, आणि बाईंच्या हातात निरांजनाचं ताट. मला पाहून त्या ओशाळल्या.

"भाऊ नसलो काय बायका चंद्राक ओवाळतत," त्या म्हणाल्या. "चंद्रात ससोच असता मा? माझो जरा खाली उतारलो, इतक्याच."

मग त्यांनी भाईला उचलून बाजूला ठेवलं, पाटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बस."

मी बसलो. ताटात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. रवांदे, काय नको, म्हणाल्या, नि निरांजन माझ्या तोंडासमोरून फिरवलं. बाहीची बटणं तेव्हाही लावलेलीच होती.

ती ओवाळणी माझ्याकडे राहिली आहे, केशरबाई. एक दिवस तुमच्या ताटात खण घालीन. अर्ध्या बाह्यांच्या पोलक्यापुरताच.